वायरमन मामा म्हणतात आरसीसीबी काढून टाका. काढू का?

कडक_भाकरी | शुक्रवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. गोष्ट जरा लांबलचक आहे, पण सगळी सांगितल्याशिवाय कुणाला काही कळायचं नाही.

जुळे सोलापुरात आमचं घर, खाली तीन खोल्या, वर दोन. वायरिंग १४ वर्षांपूर्वीचं. बोर्डात एक मेन, ४० अँपची ३० एमएवाली आरसीसीबी (३० मिलिअँप करंट बाहेर गळला की पडून वीज तोडणारी) आणि पुढे नऊ एमसीबी (एकेका लाइनवर करंट फार झाला की पडणाऱ्या). मागच्या अंगणात हौदाशेजारी अर्थिंगचा खड्डा. इतकी वर्षं त्या आरसीसीबीने कधी तोंड उघडलं नाही, आणि आम्हीही कधी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

मे महिन्यात पत्र्याच्या कूलरला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. आई अंगण धुऊन ओल्या पायांनी आत आली, कूलरला हात लागला आणि तिला बऱ्यापैकी झटका बसला. नेहमीच्या वायरमन मामांना बोलावलं. माणूस चांगला आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. त्यांनी खड्डा उघडला. पाइपावरचा नट गंजून पार तपकिरी भुगा झाला होता. तो घासून, नवा नटबोल्ट घालून वायर आवळली आणि म्हणाले, "माती बघा कशी भेगाळलीय. रोज दोन बादल्या पाणी घाला, वर खडेमीठ टाका." आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. त्यातल्या दोन बादल्या जमिनीत ओतायच्या म्हटल्यावर घरात काय झालं ते सांगत नाही. भांड्यांचं पाणी ओतत गेलो.

कूलरच्या झिणझिण्या तशाच राहिल्या. उलट दुसऱ्या दिवसापासून आरसीसीबी पडायला लागली! बहुतेक संध्याकाळी सात ते दहा, एसी चालू असताना. मामा म्हणाले एसीत लीकेज आहे. एसीवाल्याने पाहिलं, काही सापडलं नाही, येण्याचे ५०० घेऊन गेला. मग एसीची एमसीबी खाली पाडून ठेवली, तर इस्त्री लावल्यावर पडली. मामांनी आरसीसीबीच खराब म्हणून नवी बसवली. तीही पडते.

आता मामांचं म्हणणं असं: "अर्थिंग आता जास्तच स्ट्राँग झालंय. ३० एमए घराला झेपत नाही. काढून डायरेक्ट करू, एमसीबी आहेत की. हवं तर बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ लूप करून देतो, मग शॉकचा प्रश्नच मिटला." अर्थिंग चांगलं असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी मेनच्या बाजूचा फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब लावून दाखवला. लख्ख पेटला.

रविवारी सकाळी येणार आहेत ते. काढू द्यायची का?


पुणे_व्हाया_कुर्डुवाडी | शुक्रवार, रात्री १०.०५

नका काढू. सविस्तर कुणीतरी जाणकार लिहीलच, तोवर मामांना फोन करून रविवार पुढे ढकला.


मागवाला | शुक्रवार, रात्री १०.४०

काय ओ, लगेच वायरमनला फासावर चढवू नका. आमचे पूर्व भागात खाली आठ यंत्रमाग आहेत, वर आम्ही राहतो. मागाच्या लाइनला ३० एमए लावली होती एकदा. तासाला तीनदा पडायची. कापसाचा भुरा मोटरीत, स्टार्टरमध्ये, जिकडं तिकडं बसतो, त्यात पावसाळी दमटपणा, थोडं थोडं लीकेज सगळीकडून येतंच की. शेवटी मागाला ३०० एमए आणि घराला वेगळी ३० एमए केली, तेव्हा शांती मिळाली. म्हणजे मामा अगदीच चुकीचं बोलत नाहीत. आणि बल्ब लख्ख पेटला म्हणजे अर्थिंग ठीकच असणार.


तिसरी_पिन | शुक्रवार, रात्री ११.३०

मागवाला, मागाचं तुम्ही केलंत ते ठीक, पण ३०० एमए ही आग लागू नये म्हणून असते, माणूस वाचावा म्हणून नव्हे. घराची ३० एमए तुम्ही ठेवलीत ना? बस्स, तेच ह्यांनाही सांगायचंय.

बल्बचं मात्र मोडून काढतो, कारण ही परीक्षा मी लहानपणापासून पाहत आलोय आणि अजून लोक तिच्यावर विसंबतात. १०० वॅटचा पिवळा बल्ब पेटल्यावर त्याचा रोध साधारण ५३० ओहम असतो. समजा तुमच्या खड्ड्याचा रोध ५० ओहम आहे, म्हणजे वाईटच. तर २३० व्होल्टपैकी २० व्होल्ट खड्ड्यात जातील आणि बल्बाला २१० मिळतील. एकटाच बल्ब पाहिला तर डोळ्याला पत्ता लागत नाही. मामांनी एलईडी लावला असेल तर विचारूच नका, तो हजार ओहमच्या खड्ड्यावरही पेटेल. साधा मल्टिमीटरही असाच फसवतो. त्याला करंट इतका कमी लागतो की गंजलेल्या नटातूनही तो २३० दाखवून मोकळा होतो. खड्डा मोजायचा तर अर्थ टेस्टर लागतो. दोन खिळे लांबवर जमिनीत ठोकून मोजतात तो.

आता "एमसीबी आहेत की" बद्दल. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. समजा तुमचा खड्डा १० ओहमचा आहे, आणि आमच्या भागातल्या कित्येक घरांपेक्षा हा चांगलाच म्हणायचा. गिझरचा फेज बॉडीला लागला. २३० भागिले १०, म्हणजे २३ अँप, पलीकडच्या ट्रान्सफॉर्मरचा अर्थ धरला तर त्याहून कमी. १६ अँपची सी कर्व्हची एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँप लागतात. २०-२२ अँपवर ती गरम होत होत पडली तर तासाभराने पडेल. तेवढा वेळ गिझर, नळ, बादली सगळ्यांवर वीज. आरसीसीबीला हेच काम करायला ०.३ सेकंदही लागत नाही. तिला मोठा करंट नकोच असतो. जाणारा आणि परत येणारा यांच्यात ३० एमएचा फरक पडला की पुरे. म्हणून खड्डा सुमार असला तरी ती वाचवते. आमच्यासारख्या गावात, जिथे मेमध्ये काळ्या मातीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथे आरसीसीबी काढणं म्हणजे भर पावसात हातातली छत्री विकून टाकण्यासारखं.

न्यूट्रल-अर्थ लूपबद्दल उद्या लिहितो, डोळे मिटतायत. तोवर कडक_भाकरी, एवढं सांगा: इन्व्हर्टर आहे का? कूलरचा प्लग तीन पिनचा आहे का? वर्षभरात कुठे नवीन बोर्ड, प्लेट, दिवा बसवलाय का?


शेंगाचटणी | शनिवार, सकाळी ७.१५

लूपबद्दल मी सांगते, कारण आमच्याच घराण्यात झालंय. धाकट्या दिरांकडे कुणीतरी असंच "शॉक बसणार नाही" म्हणून न्यूट्रल आणि अर्थ बोर्डात जोडून दिलं होतं. वळवाच्या पावसात वाऱ्याने फांदी पडली आणि खांबावरून घरात येणारी न्यूट्रलची तार तुटली. फेज शाबूत. आता दिवे, पंखे, टीव्ही यांच्यातून गेलेला करंट परत जायला वाट शोधणार. वाट कुठली? लूपमधून अर्थच्या वायरीत, तिथून फ्रिज, मशीन, गिझर, जे जे तीन पिनचं त्याच्या पत्र्यावर! जाऊबाईंनी फ्रिजचं दार उघडलं आणि मागे फेकल्या गेल्या. पायात रबरी चप्पल होती म्हणून आज आमच्यात आहेत. बंद केलेला फ्रिजही धरत होता, कारण बटण फेज तोडतं, अर्थ नाही.

बाकी "नेहमीचे मामा" म्हणून आपण फार गोष्टी सोडून देतो. चहा पाजा त्यांना, पण बोर्ड उघडण्याआधी प्रश्न विचारा.


कडक_भाकरी | शनिवार, सकाळी ९.००

अंगावर काटा आला, ताई. मामांना "रविवारी गावाला चाललोय" म्हणून सांगितलंय. खोटं बोललो.

तिसरी_पिन, उत्तरं: इन्व्हर्टर नाही. गेल्या दिवाळीत गेटचा दिवा आणि बेल, दोन्हीची जुनी प्लेट काढून नवी मॉड्युलर बसवली होती. कूलरचा प्लग पाहायला गेलो आणि ओशाळलो. प्लग तीन पिनचाच, पण जुन्या दोन पिनच्या एक्स्टेंशनवर बसावा म्हणून त्याला खालून दोन पिनचा कन्व्हर्टर लावलेला. कुणी लावला? मीच, तीन वर्षांपूर्वी.


तिसरी_पिन | शनिवार, सकाळी ९.२०

म्हणजे कूलरचा आणि खड्ड्याचा काही संबंधच नाही. कूलरचा अर्थ कन्व्हर्टरमध्येच मेला. खड्ड्यात अख्खं उजनी धरण ओतलंत तरी त्या झिणझिण्या जाणार नाहीत. पंपाच्या मोटरीत ओल गेली असणार. कूलर आजच बंद करा. आणि आरसीसीबी तेव्हा का पडली नाही म्हणाल तर, माणसाला एक एमएपासून झिणझिण्या कळतात, आरसीसीबी १५ च्या खाली पडत नाही आणि ३० ला पडायलाच हवी. आईंना लागला तो त्या दोहोंच्या मधला.

एक गंमत सांगू? तिसऱ्या पिनेचा दांडा बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असतो. प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून. इतका विचार करून बनवलेल्या वस्तूला आपण वीस रुपयांचा कन्व्हर्टर लावतो. माझं टोपणनाव उगाच नाही.


खांबावरचे_आजोबा | शनिवार, दुपारी १२.४५

मी ३४ वर्षं लाइनवर काढली. इथे वाचत असतो, लिहीत नाही. आज लिहितो.

कुठलंही उपकरण लावलं तरी पडते, एमसीबी खाली पाडली तरी पडते, आणि लोड वाढला की पडते. उपकरण सोडा. तुमच्या घरात कुठेतरी काळी, म्हणजे न्यूट्रलची वायर हिरव्या, म्हणजे अर्थच्या वायरीला किंवा लोखंडी बॉक्सला लागलेली आहे. एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून एकेक एमसीबी पाडून शोधणारा फसतो. तुमचे मामा फसले त्यात नवल नाही, मीही उमेदवारीत फसलोय.

न्यूट्रल म्हणजे शून्य, असं आपण म्हणतो. लोड वाढला की तारेतल्या रोधामुळे त्यावर दोन-चार व्होल्ट चढतात. तेवढ्यावर न्यूट्रलमधला थोडा करंट चुकीच्या जागेतून अर्थमध्ये पळतो आणि आरसीसीबीचा हिशोब चुकतो. संध्याकाळीच का? गल्लीतले सगळे एसी तेव्हाच लागतात, न्यूट्रल तेव्हाच वर चढतो.

आणि नट साफ केल्यावरच का, हे तुमचं तुम्ही ओळखा.

शोधायचं असं: मेन बंद. टीव्ही, फ्रिज, चार्जर, सगळं प्लगमधून काढा. न्यूट्रल लिंकवरच्या, म्हणजे सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीवरच्या, सगळ्या काळ्या वायरी सोडवा आणि एकेकीला अर्थशी ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या मीटरने) तपासा. एक तरी शून्याजवळ येईल. हे काम परवाना असलेल्या माणसाकडून करून घ्या, यूट्यूब बघून स्वतः बोर्ड उघडू नका. मेन बंद असली तरी मेनच्या वरच्या बाजूला वीज असते.


मागवाला | शनिवार, दुपारी १.१०

आजोबा, नमस्कार. हे मागाच्या लाइनलाही तपासून बघतो आता. ३०० वर टाकून आम्ही नुसतं पांघरूण घातलं की काय अशी शंका यायला लागली.


पुणे_व्हाया_कुर्डुवाडी | शनिवार, दुपारी १.३०

नटाचं मला नाही कळलं. कुणीतरी फोड करा की.


तिसरी_पिन | शनिवार, दुपारी २.०५

मलाही आजोबांचं वाचून उजेड पडला. नट गंजलेला होता तोवर घरातली हिरवी वायर खड्ड्यापासून तुटल्यातच जमा होती. पळालेल्या करंटला जमिनीत जायला वाटच नाही, मग हिशोब चुकणार कसा? मामांनी नट घासला, वाट मोकळी झाली, आरसीसीबीला दिसायला लागलं. "अर्थिंग स्ट्राँग झालंय म्हणून पडते" हे मामांचं वाक्य अक्षरशः खरं आहे, बघा. निष्कर्ष तेवढा उलटा काढला.

आणि ह्यातला भीतीदायक भाग: दिवाळीपासून मेपर्यंत ह्या घराची अख्खी अर्थिंग त्या एका चुकीच्या स्पर्शावर न्यूट्रलला लटकलेली असणार. म्हणजे मामा आता जो लूप करून देतो म्हणतायत, तो ह्यांच्याकडे आधीच होता, तोही आरसीसीबीच्या पुढे आणि कच्चा. त्या काळात वॉशिंग मशीनच्या पत्र्याला फेज लागला असता तर करंट हिरव्या वायरीने जाऊन परत न्यूट्रलमध्येच आला असता. आरसीसीबीच्या हिशोबाने सगळं आलबेल. कुणीतरी पत्र्याला हात लावल्यावरच तिला कळलं असतं.

कडक_भाकरी, रविवारी मी मोकळा आहे. मेगर आणि अर्थ टेस्टर ऑफिसातून आणतो. परवाना आहे माझ्याकडे, काळजी नको.


कडक_भाकरी | रविवार, रात्री ८.३०

सापडलं!

तिसरी_पिन सकाळी दहाला आले. सगळे प्लग काढले, नऊ काळ्या वायरी सोडवून बोटांसारख्या पसरल्या. पहिल्या सहा ठणठणीत, मेगरचा आकडा शंभर मेगाओहमच्या पुढे. सातवीला मेगर शून्यावर आला. मग मल्टिमीटर लावला, ६५ ओहम. ती वायर गेटच्या दिव्याची.

गेटजवळची प्लेट काढली. आत भिंतीत जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) बॉक्स, त्याला हिरवी वायर नीट लावलेली. प्लेटचा डावीकडचा स्क्रू नको इतका लांब. बॉक्सच्या आत दोन बोटं पुढे येऊन थेट काळ्या वायरीत रुतलेला. साल खरवडलं गेलं होतं, आतल्या तांब्याला हिरवट बुरा आला होता आणि स्क्रूचं टोक काळं पडलं होतं. बाजरीच्या दाण्याएवढी जागा. त्याच्यासाठी मी एसीवाल्याचे ५०० आणि नव्या आरसीसीबीचे दोन हजारांच्या आतबाहेर घालवले.

वायरीचा तेवढा तुकडा बदलला, स्क्रू आखूड घातले. संध्याकाळी साडेसातला एसी, इस्त्री आणि हौदाची मोटर तिन्ही एकदम लावून पाहिली. पडली नाही. मग टेस्टचं बटण दाबलं, लगेच पडली. महिन्यातून एकदा हे बटण दाबायचं असतं म्हणे. १४ वर्षांत आज पहिल्यांदा दाबलं.

खड्डा ११ ओहम आला. ते म्हणाले आरसीसीबी आहे तोवर चालेल, पण पाच ओहमच्या आत आणायचा असेल तर पावसाळ्यानंतर दुसरा रॉड ठोकू, पहिल्यापासून पाच-सहा मीटर लांब. जवळ ठोकला तर दोघं एकच माती वाटून खातात, फायदा होत नाही. आणि मीठ बंद करायला सांगितलंय. मिठाने रोध उतरतो खरा, पण जीआय पाइप खाऊन टाकतं. आमचा जुना नटही पूर्वी कधी घातलेल्या मिठानेच गेला असावा.

कूलरचा पंप बदलला, एक्स्टेंशन तीन पिनचं आणलं. कन्व्हर्टर आईने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकला.


शेंगाचटणी | रविवार, रात्री ८.५०

आईंना नमस्कार सांगा. आणि मामांना काय सांगितलंत? गावाला गेलात म्हणून?


कडक_भाकरी | रविवार, रात्री ९.२०

तीच तर गंमत. साडेअकराला गेटची प्लेट उघडी, आम्ही दोघं वाकून बघतोय, आणि मामा समोर गाडीवरून चाललेले. थांबले. "गावाला गेला नाही होय?" माझं तोंड बघण्यासारखं झालं. मग काय, त्यांनाच स्क्रू दाखवला. बराच वेळ बोलले नाहीत. दिवाळीत प्लेट त्यांनीच बसवली होती.

मग तिसरी_पिन यांच्या हातातला मेगर मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि "हे वापरायचं कसं ते दाखवा" म्हणून तिथेच पायरीवर बसले. चहा झाला. निघताना नवीन आरसीसीबीची मजुरी परत देत होते, मी घेतली नाही. जुनी आरसीसीबी मात्र पिशवीत घालून घेऊन गेले. चांगलीच आहे म्हणे, वरच्या मजल्याला वेगळी लाइन केली की तिथे बसवून देतो.


मागवाला | सोमवार, सकाळी ६.४०

मामांचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. मेगर शिकलेला वायरमन पाहिजे होता मला. मागाच्या बॉक्सचे स्क्रू काल रात्री मोजले, सगळे लांबच आहेत.


खांबावरचे_आजोबा | सोमवार, सकाळी ७.३०

मागवाला, माग बंद करून मोजलेत ना?


मागवाला | सोमवार, सकाळी ७.३५

हो आजोबा. मेनसकट.